दवाखान्यातली नोकरी आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी दरवर्षी कोणी तरी शिकल्यासवरल्या बाई येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या की, आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि विषयही त्यांनीच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाला शोभेल अशी भाषा माझ्याजवळ नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण या विषयाची चौकशी मी दोन वर्षे करीत आहे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले आहे, सिस्टरांची ड्यूटी सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले आहे. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

विषय असा आहे : दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली ज्या बायामाणसे काम करतात त्यांचे काम काय, ते शिकायचे कुठे, आणि त्यात शिरलेल्या मुलीचे पुढे होते काय.

आपण मिरजेची माणसे. आपल्याला दवाखाना नवा नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय काढले, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आले, आणि आज स्टेशनपासून गावात यावे तर तंतुवाद्यांच्या दुकानांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या जास्त दिसतात. कर्नाटकातून गाड्या भरभरून रोगी येतात. त्यामुळे आपल्या गल्लीत असे घर क्वचितच सापडेल की ज्यातले कोणी दवाखान्यात कामाला नाही. कोणी मावशी आहे, कोणी मामा, कोणी सिस्टर, कोणी ब्रदर. नात्यांची नावे देऊन माणसे कामाला लावायची ही दवाखान्याची रीत मला गोड वाटते. पण याच गोड नावांच्या मागे कोण शिकलेले आणि कोण न शिकलेले, हे झाकून जाते. रोग्याला सगळ्याच पांढऱ्या कपड्यातल्या मुली सिस्टर वाटतात. त्या मुलीलाही हळूहळू तसेच वाटू लागते. घोटाळा होतो तो येथेच.

पूर्वी डॉक्टरांकडे कंपाउंडर असे. बाटलीला कागदाची नक्षीदार पट्टी चिकटवून डोस पाडणारा कंपाउंडर आपल्यातल्या वडील बायकांनी पाहिला असेल. १९४८ साली औषधे देणाऱ्यांसाठी फार्मसीचा कायदा झाला. पुढे गोळ्या कारखान्यातून पाकिटातच येऊ लागल्या आणि तो कंपाउंडर हळूहळू गेला. त्याच्या जागी आता डॉक्टरांकडे एक मुलगी असते. केसपेपर काढणे, नाव पुकारणे, वजन आणि ताप बघणे, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधणे, ड्रेसिंगचे सामान उकळून ठेवणे, फोन घेणे, पैसे घेणे, संध्याकाळी फरशी पुसणे, हे सारे ती करते. डॉक्टर गडबडीत असले की इंजेक्शनही देते. तिला कोणी काही शिकवलेले नसते, बघून बघून ती शिकते. पगार विचाराल तर घरकाम करणाऱ्या बाईला चार घरी मिळून जेवढे मिळतात त्याहून फार नाही.

आता हे काम हलके आहे असे मला म्हणायचे नाही. माझ्या सासूबाई अर्धांगाने चौदा महिने अंथरुणावर होत्या. त्या वेळी ब्यूरोतून आम्ही एक बाई लावली होती. बाई स्वभावाने फार चांगली, पण पहिल्या पंधरा दिवसांतच सासूबाईंच्या कमरेला लाल चट्टा उठला. आमच्या शेजारच्या एक सिस्टर बघायला आल्या, त्यांनी चट्ट्यावर बोट दाबून पाहिले आणि म्हणाल्या, दाबल्यावर हा पांढरा होत नाही, म्हणजे कातडी मरायला लागली आहे. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला चुणी राहू देऊ नका, जागा कोरडी ठेवा. भरवताना रोग्याला उशांना टेकवून बसते करा, आणि भरवल्यावर निदान अर्धा तास आडवे करू नका, नाही तर घास श्वासाच्या नळीत जातो आणि छाती भरते. एवढेच त्यांनी सांगितले. चौदा महिन्यांत सासूबाईंना एकही जखम झाली नाही. तीच बाई, तेच घर, तोच रोगी. मध्ये फक्त दहा मिनिटांचे शिक्षण पडले. तेव्हापासून मला वाटते की, रोग्याची सेवा मायेने होते हे अर्धेच खरे आहे.

आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करताच गेल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला आपल्या घराघरांतल्या मुली आणि विधवा बायका पाठवल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, म्हणून त्या काळी लोकांनी काय काय बोलून घेतले असेल याची कल्पना आपण करू शकतो, कारण थोडेसे आपण अजूनही बोलतो. मुलगी सिस्टर आहे म्हटल्यावर, रात्रपाळी असते का हो, हा प्रश्न पहिला येतो. मुलगा रात्रपाळीला कारखान्यात जातो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारीत नाही. केरळातल्या मुली मात्र देशात आणि देशाबाहेर मोठमोठ्या रुग्णालयांतून कामाला आहेत, आणि त्यांच्या पगारावर घरेच्या घरे उभी राहिली आहेत. असो. तो विषय लांब जाईल.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्यासाठी घरातलीच हकीकत सांगावी लागेल. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी बारावी आर्ट्सला अठ्ठावन्न टक्के मिळवून पास झाली. तिला लहानपणापासून दवाखान्याची आवड. जवळच्या एका शहरात दुकानांच्या वर दोन खोल्यांत एक नर्सिंगचा वर्ग चालत असे. सहा महिन्यांचा कोर्स, शंभर टक्के नोकरी, असे पत्रक घरी आले. दिरांनी पस्तीस हजार रुपये भरले. वर्गात भिंतीला शरीराचे तक्ते लावलेले होते, एक रबराचा हात होता, त्यावर इंजेक्शन टोचायला शिकवीत. रोगी असा त्या मुलींनी सहा महिन्यांत पाहिलाच नाही. शेवटी सोनेरी कडेचे सर्टिफिकेट मिळाले आणि नोकरीही लागली, हे मात्र कबूल करायला हवे. एका वीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात, बारा तासांची ड्यूटी, महिना साडेसहा हजार.

चार वर्षे पोरीने तेथे काम केले. सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, टाके काढणे, रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणे, सारे केले. लोक तिला सिस्टर म्हणत. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टर धावत आले, ते गृहस्थ वाचले. पण नातेवाईक जमले आणि एकच प्रश्न विचारू लागले : इंजेक्शन दिले कोणी? तिच्याकडे डॉक्टरांचा लेखी हुकूम नव्हता, फोनवरचे बोलणे होते. आणि तिच्याकडे स्वतःचा असा नंबर नव्हता.

हा नंबर म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. आपल्या राज्यात १९६६ चा परिचारिकांचा कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे नर्सिंग कौन्सिल, मुंबईत आहे. ठरलेला अभ्यासक्रम मान्य शाळेत पुरा करून, परीक्षा देऊन, जी मुलगी पास होते तिचे नाव कौन्सिलच्या रजिस्टरात चढते आणि तिला नोंदणी क्रमांक मिळतो. दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. या क्रमांकाशिवाय कायद्याने कोणी नर्स होत नाही, मग सर्टिफिकेटाची कड सोन्याची असो की चांदीची. पुढे जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली. पुतणीने फॉर्म भरायला घेतला. त्यात कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असा रकाना होता. त्या रकान्यापाशी तिची चार वर्षे थांबली.

तेव्हा मी चौकशीला लागले. मला जे समजले ते असे.

नोंदणी मिळवून देणारे तीन मार्ग आहेत. पहिला ए. एन. एम. चा, दोन वर्षांचा. त्याला बारावी लागते, पण कला शाखेची बारावी चालते, सायन्सच पाहिजे असे नाही. वयाची अट सतरा ते पस्तीस. लग्न झालेली मुलगीही जाऊ शकते, हे येथे बसलेल्या तरुण सुनांनी आणि त्यांच्या सासवांनी दोघींनीही ऐकावे. दुसरा जी. एन. एम. चा, तीन वर्षांचा. तिसरा बी. एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचा, त्याला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलेली बारावी हवी आणि राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पहिल्या दोन्हींची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. म्हणजे ज्या वर्गाची परीक्षा वर्गवालाच घेतो, पेपरही तोच तपासतो आणि सर्टिफिकेटही तोच छापतो, तो वर्ग यातला नव्हे, एवढे आपल्यासारख्या सातवीवालीलाही ओळखता येते.

ए. एन. एम. झालेली मुलगी कोठे जाते? आपल्या माहेरच्या गावी उपकेंद्र असेल. सपाटीच्या भागात पाच हजार वस्तीला एक आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र असावे असे सरकारचे माप आहे. तेथे जी आरोग्य सेविका असते, जिला गावात नर्सबाई म्हणतात, ती ए. एन. एम. बाळंतपण, लसी, गरोदर बाईची तपासणी, लोहाच्या गोळ्या, जन्ममृत्यूची खबर, हे तिचे काम. तिला बढती मिळाली की ती आरोग्य सहाय्यिका होते. जी. एन. एम. आणि बी. एस्सी. झालेल्या मुली मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका होतात, मग परिसेविका, मग अधिसेविका, म्हणजे आपण जिला मेट्रन म्हणतो ती. २०२३ सालच्या सरकारी जाहिरातीत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होत होती. भत्ते वेगळे. साडेसहा हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. काम, खरे सांगायचे तर, पुष्कळसे तेच.

आणि यातली सर्वांत चांगली गोष्ट अशी की, या जिन्याला पायऱ्या आहेत. ए. एन. एम. होऊन नोंदणी झालेली मुलगी पुढे जी. एन. एम. ला जाऊ शकते. जी. एन. एम. झालेली दोन वर्षांचा पुढचा अभ्यास करून बी. एस्सी. होते. मध्ये लग्न झाले, मूल झाले, तरी पायरी हरवत नाही. सहा महिन्यांच्या वर्गाची पायरी मात्र कशालाच जोडलेली नाही. त्यावर चार वर्षे उभे राहा की चौदा वर्षे, वर जायला वाट नाही.

यात काळी बाजूही आहे, ती लपवून उपयोग नाही. सरकारी जागा थोड्या आणि अर्ज फार. पुष्कळ मुलींना आरोग्य अभियानात कंत्राटावर घेतात. काम कायम बाईएवढेच, पगार कमी, आणि कंत्राट संपायची टांगती तलवार. खाजगी दवाखानेही नोंदणीवाल्या मुलीला आकड्यात पुरते देतातच असे नाही. मान्य शाळांतही काहींची फी अशी आहे की दोन वर्षांची फी भरताना बापाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. म्हणून सरकारी शाळेसाठी आधी प्रयत्न करावा. तेथे फी कमी असते, आणि मुख्य म्हणजे रोगी भरपूर असतात. मला एक सिस्टर म्हणाल्या, शाळा बघायला जाल तेव्हा बाकडी मोजू नका, शाळेच्या रुग्णालयात खाटा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती ते मोजा. मला हे वाक्य फार आवडले.

आता कोणी म्हणेल, बारावी झालीच नाही त्या मुलीने काय करावे? आपल्यासारख्या कमी शिकलेल्यांनी दवाखान्याकडे फिरकूच नये काय? तर तसे मुळीच नाही. येथे मला आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे सांगायची आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे जामखेडला गेले. अहमदनगर जिल्हा तो, आताचे अहिल्यानगर. त्यांनी खेड्याखेड्यांतल्या बायका निवडल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर साखरमिठाचे पाणी, असे एक एक शिकवले आणि शिकवून सोडून दिले नाही, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलावून शिकवीत राहिले. दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, म्हणजे आपल्याच पंक्तीतल्या. त्या नव्या जन्मलेल्या बाळाचा श्वास घड्याळ लावून मोजत, त्याला ऊब देत, आणि जंतूंचा ताप आला तर ठरवून दिलेले इंजेक्शनही देत. आधी त्या गावांत हजार बाळांमागे बासष्ट बाळे पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत तो आकडा पंचवीसच्या आसपास आला. १९९९ साली हे काम विलायतेच्या लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. पुढे सरकारने देशभर आशांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवले, त्याची वाट या गावांतून गेली आहे.

हे ऐकून कोणी मला उलट विचारील की, मग त्या सातवी-आठवीच्या बाईने इंजेक्शन दिले ते चालले, आणि तुमच्या बारावीच्या पुतणीने दिले ते का चालू नये? प्रश्न रास्त आहे. मी यावर पुष्कळ विचार केला. गडचिरोलीच्या बाईला ठराविक दुखण्याचे ठराविक औषध शिकवलेले होते. तिच्या मागे डॉक्टर होते, येऊन तपासणारे होते, वही होती, आणि काय करायचे नाही हेही तिला पाठ होते. पुतणीला दुकानावरच्या खोलीत सगळेच थोडे थोडे दाखवले आणि वॉर्डात एकटे सोडले. शिक्षण कमी-जास्त असण्याने तेवढे बिघडत नाही. पाठीशी कोणी आहे की नाही, यात सारा फरक आहे.

तेव्हा कमी शिकलेल्या बायकांसाठी आजही वाटा आहेत, फक्त त्या काय आहेत हे नावानिशी माहीत असावे. २००५ पासून गावोगाव आशा ताई आहेत, साधारण हजार वस्तीला एक. ती नोकर नव्हे, कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि तो पुरत नाही म्हणून त्या वारंवार मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. २०२० च्या साथीत दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या त्याच होत्या, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. गौरवाने चूल पेटत नाही, पण असो. दुसरी वाट जनरल ड्यूटी असिस्टंटची. हा काही महिन्यांचा सरकारमान्य कौशल्याचा अभ्यास असतो. रोग्याला आंघोळ घालणे, उचलणे, कूस बदलणे, भरवणे, लघवीचे माप लिहिणे, नमुने पोचवणे. माझ्या सासूबाईंना जी बाई हवी होती ती हीच. घरोघरी म्हातारी माणसे वाढली आहेत, मुले पुण्या-मुंबईला, तेव्हा या बाईला काम मिळण्याची अडचण नाही. पण ती नर्स नाही. इंजेक्शन तिने देऊ नये, आणि कोणी द्यायला लावले तर नाही म्हणावे. प्रयोगशाळा, एक्स-रे, डायालिसिस, ऑपरेशनची खोली यांची शिक्षणे निराळी आहेत. त्यांच्यासाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. ज्या मुलींना रोग्याचे अंग चेपण्यापेक्षा यंत्राचे काम आवडते त्यांनी तिकडे पाहावे.

आज ज्या आपल्या सभासद किंवा त्यांच्या मुली दवाखान्यात कामाला आहेतच, त्यांच्यासाठी थोडे बोलते, कारण त्यांना काही शाळेत जायला सवड नाही. सर्वांत आधी काविळीची लस घ्या. हिपॅटायटिस बी नावाची कावीळ टोचलेल्या सुईतून, रक्तातून येते. तिची लस तीन वेळा घ्यावी लागते, पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. मालकाकडे मागा. नाही दिली तर स्वतः घ्या, पण घ्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नका, पुष्कळदा सुई बोटात शिरते ती टोपण घालतानाच. सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. २०१६ च्या नियमांत हे रंग ठरलेले आहेत. सुई टोचलीच तर साबणाने धुऊन त्याच दिवशी, त्याच तासाला म्हटले तरी चालेल, डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. काही औषधे लवकर घेतली तरच लागू पडतात.

पगार हातात घेताना सही करता ती कशावर, ते वाचा. दवाखान्यालाही किमान वेतन लागू असते. वीस किंवा जास्त माणसे कामाला असली तर प्रॉव्हिडंट फंड कापला गेला पाहिजे आणि मालकाचाही वाटा पडला पाहिजे. आणि एक नाजूक गोष्ट. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ साली रुग्णालयातच जो हल्ला झाला तो सर्वांना ठाऊक आहे. २०१५ साली त्या वारल्या, आणि मधली बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना स्वतःच्या माणसासारखे सांभाळले. तेव्हा रात्रपाळीची भीती खोटी नाही. पण भीतीवर उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही. रात्री दोघी असाव्यात, खोलीला आतून कडी असावी, येण्याजाण्याला गाडी असावी, हे नोकरी धरतानाच विचारावे. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीची समिती असावीच लागते, आणि त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या समितीकडे जाता येते.

आता मंडळापुढचा प्रश्न. मागच्या महिन्यात एक गृहस्थ कमिटीकडे येऊन गेले, हे आपल्यापैकी काहींना माहीत आहे. मंडळाचा हॉल दुपारी रिकामा असतो, तो त्यांना सहा महिन्यांच्या नर्सिंगच्या वर्गाला द्यावा, भाडे देऊ, आणि मंडळाने पाठवलेल्या प्रत्येक मुलीमागे मंडळाला काही रक्कम देऊ, असे त्यांचे म्हणणे. भाडे चांगले आहे. हॉलचे पत्रे गळतात, ते आपण तीन पावसाळे पाहतो आहोत. कमिटीने अजून होय-नाही केलेले नाही, आणि त्यांच्यावर माझा रोषही नाही. पण मी त्या गृहस्थांना चहा देता देता विचारले की, तुमच्या वर्गातली मुलगी पास झाल्यावर कौन्सिलचा क्रमांक मिळतो का? ते म्हणाले, ताई, हल्ली कौन्सिलला कोण विचारतो, दवाखानेवाले कामाची मुलगी बघतात. मग मी विचारले, मुलींना रोगी कुठे दाखवणार? त्यावर त्यांनी चहाचे कौतुक केले.

माझे मत उघड आहे. वर्ग रोगी सांभाळणाऱ्या मदतनिसांचा असेल, पत्रकावर तसे लिहिलेले असेल, फी त्या मानाने असेल, आणि मुलींना खऱ्या वॉर्डात नेणार असतील, तर मी स्वतः सतरंज्या अंथरायला येईन. पण पत्रकावर नर्सिंग हा शब्द असेल आणि मागे क्रमांक नसेल, तर त्या पत्रकावर आपल्या मंडळाचे नाव नको. आपल्या मंडळाच्या नावावर विश्वास ठेवून आया मुली पाठवतील. पत्र्यांसाठी आपण दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेऊ. गेल्या वर्षी चकलीत मंडळाला बरे पैसे सुटले होते.

माझी पुतणी आता चोवीस वर्षांची आहे. यंदा तिला ए. एन. एम. च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. वर्गात ती सर्वांत मोठी. सलाईन लावता येते म्हणून पहिल्या आठवड्यात मुलींनी तिचे कौतुक केले, आणि बाईंनी तिला पुन्हा हात कसे धुवायचे येथून सुरुवात करायला लावली. घरी येऊन मला सांगत होती, काकू, चार वर्षांत मला कोणी सांगितलेच नव्हते की हात धुतल्यावर नळ कोपराने बंद करायचा.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता याच हॉलमध्ये एक निवृत्त परिसेविका येणार आहेत. ज्यांच्या मुलींची किंवा सुनांची बारावी झाली आहे किंवा यंदा होणार आहे, त्यांनी मुलीला घेऊनच यावे. मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला असल्यास त्याची झेरॉक्स आणावी. मूळ कागद आणू नयेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून यंदाची जाहिरात आणि मान्य शाळांची यादी आपण तेथेच उघडून वाचणार आहोत. ज्यांनी कोठे पैसे भरून ठेवले आहेत त्यांनी पावतीही आणावी. कोणाला सर्वांपुढे बोलायचा संकोच वाटत असेल तर अर्धा तास आधी या, मी हॉल उघडायला साडेतीनलाच येते.